हातभर अंतर आणि मध्ये एक अ‍ॅप

मंडळी, आज थोडी तक्रार. शनिवारची सकाळ आहे, दुसरा चहा झालाय, तेव्हा जरा ऐकून घ्या.

ब्लूटूथला नावं ठेवणं हा आपल्या क्षेत्रातला हक्काचा टाइमपास आहे. मीटिंगची पहिली दोन मिनिटं "माझा आवाज येतोय का?" यात जातात, आणि येत नसला की खापर ब्लूटूथच्या माथी. इअरबड लॅपटॉपला जोडायचे असतात, ते शेजारच्या खोलीतल्या टॅबलेटला जाऊन चिकटतात. सगळं खरं आहे. तरीही माझं मत असं की गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या धंद्यात ज्या थोड्या गोष्टी बऱ्या जमल्या, त्यात ब्लूटूथचा नंबर बराच वर लागतो. आणि आपल्याला खरा त्रास ज्याचा होतोय ते ब्लूटूथ नाहीच. ते आहे त्याच्या डोक्यावर आणून बसवलेलं कंपनीचं अ‍ॅप.

जरा उलगडून सांगतो.

स्वीडनमधल्या लुंड शहरात, एरिक्सन कंपनीत, १९९४ च्या सुमारास हे काम सुरू झालं. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा अशा पाच कंपन्यांनी मिळून एक गट काढला आणि नाव दिलं दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजाचं. त्याने आपसात भांडणारी माणसं एका छत्राखाली आणली, यांना उपकरणं आणायची होती. फोन विकताना एकमेकांच्या जिवावर उठलेल्या एरिक्सन आणि नोकिया एका टेबलाशी बसल्या, हेच मला अजून नवलाचं वाटतं. वापरायला घेतला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे बहुतेक देशांत परवान्याची कटकट नाही. (आपल्याकडे कमी शक्तीच्या उपकरणांना या पट्ट्यात २००५ च्या नियमांनी परवान्यातून सूट मिळाली.) पण फुकट जागा म्हटली की गर्दी आलीच. त्याच पट्ट्यात वायफाय आहे, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह आहे. त्या गोंगाटात टिकायचं म्हणून मूळ ब्लूटूथ ७९ वाटांवरून सेकंदाला १६०० उड्या मारत बोलतं. हे सगळं तुमच्या खिशातून कानापर्यंत, आणि बटणाएवढ्या बॅटरीवर. आता सांगा, नावं ठेवायला जीभ रेटते का?

पण खरी हुशारी रेडिओत नाही. ती 'प्रोफाइल' नावाच्या, वाचताना डुलकी यावी अशा कागदपत्रांत आहे.

प्रोफाइल म्हणजे काय? घरातला नळ आठवा. अर्धा इंची नळ कुठल्याही दुकानातून आणा, कुठल्याही कंपनीचा आणा, भिंतीतल्या अर्धा इंची पाइपला बसतो. नळवाला आणि पाइपवाला आयुष्यात कधी भेटलेले नसतात. आटे कसे पाडायचे एवढं दोघांना आधीच ठाऊक असतं, बस. ब्लूटूथची प्रोफाइलं म्हणजे हे आटे. कीबोर्ड-माउसचं वेगळं, गाण्यांचं वेगळं, फोनवरच्या बोलण्याचं वेगळं.

(जाता जाता: इअरबडवर गाणं झकास वाजतं आणि बोलायला लागलं की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, त्याचं उत्तर इथेच आहे. गाण्याचं प्रोफाइल एकाच दिशेने जातं, फोनकडून कानाकडे. माइक लागला की उपकरण बोलण्याच्या प्रोफाइलवर उडी मारतं. ते जुनं आहे. आधी त्यात सेकंदाला आवाजाचे फक्त ८००० नमुने घेतले जायचे, २०११ पासून १६००० घेता येतात. गाण्याला ४४१०० लागतात. म्हणजे दोष तुमच्या चार हजारांच्या इअरबडचा नसतो. निदान दर वेळी नसतो.)

माझ्याकडे २००६ मधला एक घडीचा कीबोर्ड आहे. तेव्हा हँडहेल्डचं वेड होतं, त्यावर ट्रेनमध्ये बसून लिहायचं म्हणून घेतलेला. ते हँडहेल्ड कधीच भंगारात गेलं, त्याची ऑपरेटिंग सिस्टीम गेली, कीबोर्ड बनवणाऱ्याची वेबसाइटही बहुधा गेली असावी. पण कीबोर्डात दोन पेन्सिल सेल घातले, आजच्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नाव शोधलं, स्क्रीनवरचा आकडा टाइप करून एंटर दाबलं, की झालं. हा लेख जन्माला आला तेव्हा जो विद्यार्थी बालवाडीत होता, तो आज आपल्या टीममध्ये आहे... माफ करा, लेख नाही, कीबोर्ड. असो. मुद्दा असा की त्या दोघांची ओळख कुणी करून दिलेली नाही. कीबोर्ड बनला तेव्हा अँड्रॉइडचा एकही फोन बाजारात नव्हता.

तीच गोष्ट ब्लूटूथ जीपीएसची. त्या काळी फोनमध्ये जीपीएस क्वचितच असायचं. काडेपेटीहून थोडी मोठी डबी मिळायची, ती गाडीच्या काचेमागे ठेवायची आणि नकाशा हातातल्या पीडीएवर बघायचा. डबी काय पाठवायची? दर सेकंदाला साध्या अक्षरांच्या चार-पाच ओळी: वेळ, अक्षांश, रेखांश, किती उपग्रह दिसतायत. जहाजांवरच्या उपकरणांसाठी ठरलेली जुनीच पद्धत. कुठला नकाशा वाचतोय, फुकटचा की विकतचा, डबीला पत्ता नसायचा आणि गरजही नसायची. मी स्वतः लिहिलेला पन्नास ओळींचा प्रोग्राम तिला कुठल्याही बड्या कंपनीच्या नकाशाइतकाच मान्य होता. तिला नाव-गाव-ईमेल काहीही लागायचं नाही.

मग हे मोडलं कसं?

एकदम नाही मोडलं. आयफोन २००७ साली आला तेव्हा त्यात ब्लूटूथ होतं, पण स्टिरिओ गाण्यांचं प्रोफाइल नव्हतं. ते २००९ मध्ये मिळालं. त्या जीपीएस डबीसारख्या उपकरणाने आयफोनवरच्या प्रोग्रामशी बोलायचं तर त्यात अ‍ॅपलच्या मान्यतेची चिप हवी, अशी अट होती. २०१० मध्ये ब्लूटूथ ४.० बरोबर 'लो एनर्जी' आलं, म्हणजे एका चपट्या सेलवर महिनोन्‌महिने चालणारी उपकरणं. मूळ काम नोकियाचं, तेव्हा त्याला 'वायब्री' म्हणायचे. पुढच्या वर्षी ते आयफोनवर आलं, आणि त्याला त्या चिपची अट नव्हती. झालं! उपकरणवाल्यांची लो एनर्जीकडे रीघ लागली. प्रत्येकाचं उपकरण वेगळं आणि प्रत्येकाचं अ‍ॅप वेगळं.

लो एनर्जीतही आटे ठरलेले होते बरं का. हृदयाचे ठोके, रक्तदाब, रक्तातली साखर, वजन, ताप, बॅटरी किती उरली, या सगळ्यांना ठरावीक क्रमांकाच्या प्रमाणित सेवा आहेत. पण शेजारीच एक दार उघडं ठेवलंय. कुणीही १२८ बिटांचा स्वतःचा क्रमांक घेऊन स्वतःची सेवा काढू शकतो. नवीन काही करायचं तर ही सोय हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही की ज्याच्यासाठी अर्धा इंची आटे तयार आहेत, तिथेही कंपन्या मुद्दाम वेगळे आटे पाडतात. का, ते उघड आहे. नळ दुसऱ्या पाइपला बसला तर गिऱ्हाईक आपल्याकडे परत कशाला येईल? आणि अ‍ॅपमधून फोन नंबर, वय, वजन, झोप हे सगळं मिळतं, ते नळातून थोडंच मिळणार.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, घड्याळाचं अ‍ॅप टाकावं लागलं तर एवढं काय बिघडलं? घड्याळापुरतं म्हणाल तर फार नाही.

माझी आई साताऱ्याला असते. तिचं बीपी वरखाली होतं, म्हणून डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ मोजून आकडे दाखवायला सांगितले. २०१८ साली चांगल्यातलं, ब्लूटूथवालं यंत्र घेतलं. तीन वर्षं बिनबोभाट चाललं. मग तिचा फोन बदलला आणि नव्या फोनवर ते अ‍ॅपच मिळेना. कंपनीने नवं अ‍ॅप काढलं होतं, आणि त्याच्या यादीत आमचं मॉडेल नव्हतं. आईचा फोन आला, "अरे, मशीनला काही झालं नाहीये. आकडा बरोबर दाखवतंय. हा फोनच त्याला ओळख दाखवत नाही." मग म्हणाली, "राहू दे, मी वहीत लिहीत जाईन. तू नको त्यात डोकं घालूस, तुझं ऑफिस असतं."

वहीला माझा विरोध नाही. पण पंचाहत्तरीला आलेलं माणूस, चष्मा देवघरात राहिलेला, यंत्रावरचा आकडा दहा सेकंदांत विझणारा. एकदा १४८ चे १८४ लिहिले गेले. डॉक्टर गोळी वाढवणार होते. त्यांनी दवाखान्यात स्वतः पुन्हा मोजलं म्हणून निभावलं. ब्लूटूथचं काम काय होतं? टेबलावरच्या यंत्रातला आकडा टेबलावरच्याच फोनमध्ये टाकणं. हातभर अंतर.

पुढच्या वेळी साताऱ्याला गेलो तेव्हा फोनवर एक साधं स्कॅनर अ‍ॅप घेऊन ते यंत्र तपासलं. कुठल्याही लो एनर्जी उपकरणात कोणत्या सेवा आहेत ते अशा अ‍ॅपमध्ये दिसतं. यादीत क्रमांक होता १८१०. रक्तदाबाची प्रमाणित सेवा! म्हणजे यंत्र इतकी वर्षं शुद्ध, सगळ्यांना कळेल अशा भाषेत बोलत होतं. कंपनीने फक्त ऐकणारा काढून घेतला होता. दोन शनिवार-रविवार घालवून मी एक छोटं अ‍ॅप लिहिलं. त्यातला एक अख्खा दिवस त्या सेवेतल्या १६ बिटांच्या चमत्कारिक दशांशाने खाल्ला: १२ बिट आकडा, ४ बिट घात. आता आई पट्टा बांधते, बटण दाबते, आणि आकडा तारखेसह फोनमध्ये जातो. लॉगिन नाही, खातं नाही.

दुसरीकडे, एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत मिळेल त्या भावाने घेतलेला ऑक्सिमीटर. ऑक्सिमीटरसाठीही प्रमाणित सेवा ठरलेली आहे, पण याच्यात ती नाही, स्वतःचा लांबलचक क्रमांक आहे. आत काय बाइट येतात त्याचा कुठे कागद नाही. त्याच्या अ‍ॅपचं शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघून मी तो नाद सोडला. बोटावर लावला की डबीवर आकडा दिसतो, तेवढ्यावर समाधान.

मला हे जमलं कारण हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. आईच्या शेजारच्या काकूंकडेही तसंच जुनं यंत्र आहे आणि त्यांचा मुलगा बँकेत आहे. त्याने काय करायचं? नवीन यंत्र घ्यायचं. जुनं चालू स्थितीत कपाटात.

आणखी एक किस्सा, हा जगजाहीर आहे. जुलै २०२० मध्ये गार्मिन कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि त्यांची सेवा काही दिवस बंद पडली. जगभरचे पळणारे आणि सायकलवाले हवालदिल! घड्याळ मनगटावर ठीक, फोन खिशात ठीक, दोघांमधला ब्लूटूथही ठीक. पण तुमच्या पळण्याची नोंद तुमच्याच फोनवर बघायची तर ती आधी कंपनीच्या सर्व्हरला जाऊन यायला हवी. केबल लावून फाइल काढून घेता येत होती, ज्यांना ते माहीत होतं त्यांनी काढली. बाकीचे वाट बघत बसले. पेबल घड्याळांचं त्याहून वाईट झालं. कंपनी २०१६ च्या अखेरीस मिटली, सर्व्हर जून २०१८ मध्ये बंद. वापरणाऱ्यांनीच 'रेबल' नावाने पर्यायी सेवा उभी केली म्हणून ती घड्याळं शाबूत राहिली. 'गॅजेटब्रिज' हे फुकटचं, उघड्या कोडचं अ‍ॅपही अशाच हौशी लोकांचं. ते कितीतरी घड्याळं-पट्टे कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालवतं. पण प्रत्येक नव्या मॉडेलचं कुलूप कुणीतरी रात्री जागून उघडायचं, हा काय व्यवहार झाला?

एका बाबतीत मात्र अ‍ॅपवाल्यांना विनाकारण शिव्या पडल्या. वजनकाट्याला माझं लोकेशन कशाला हवं, असं सगळे विचारायचे. अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंत आसपासची लो एनर्जी उपकरणं शोधायची तर लोकेशनची परवानगी लागायचीच, कारण मॉलमधल्या बीकनवरून तुम्ही कुठे आहात ते कळू शकतं. अँड्रॉइड १२ ने, २०२१ मध्ये, त्यासाठी वेगळी परवानगी आणली. तेव्हा आजच्या फोनवर एखादं नवं काटेवालं अ‍ॅप लोकेशन मागत असेल, तर मात्र खुशाल संशय घ्या.

आता दुसरी बाजू. माझा एक मित्र अशीच उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्याचं म्हणणं, "तुझी ती प्रोफाइलं ठरेपर्यंत आमची दोन मॉडेलं बाजारातून जातात." यात तथ्य आहे. लो एनर्जीवरून आवाज पाठवायची नवी पद्धत जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली आणि तिची कागदपत्रं पूर्ण व्हायला २०२२ उजाडलं. समितीचं काम आपल्या सोसायटीच्या मीटिंगसारखंच असतं, लिफ्टच्या रंगावर तीन बैठका. शिवाय इअरबडमधला आवाज कमी-जास्त करणं, गोंगाट बंद करणं, फर्मवेअर बदलणं यासाठी अ‍ॅप लागतं. फर्मवेअर बदलता यायलाच हवं. उघड्या दारातून चोरही येतात हे आपण २००४ मध्येच पाहिलंय, नोकियाच्या फोनांवर ब्लूटूथवरून 'कॅबिर' पसरला तेव्हा.

मान्य. अ‍ॅप असू द्या, हजार सोयी द्या. पण अ‍ॅप नसताना उपकरणाने आपलं मूळ काम करायला हवं. बीपीच्या यंत्राने बीपी सांगावं, काट्याने वजन सांगावं, त्या दोन्हींचे आटे कधीचेच ठरलेत. इथे समितीची वाट बघायची नाहीये.

आणि कंपन्यांना वाट बघणं परवडत नाही म्हणावं, तर घाईत काय होतं त्याचा नमुना श्रवणयंत्रांत आहे. आयफोनशी बोलायची अ‍ॅपलची एक पद्धत २०१३ च्या सुमाराची, अँड्रॉइडशी बोलायची गूगलची दुसरी, २०१८ ची. श्रवणयंत्राची जोडी लाखाच्या घरात सहज जाते, आणि ती घेताना आजोबांनी आधी ठरवायचं की पुढची पाच वर्षं फोन कुठल्या कंपनीचा वापरणार! मघाशी म्हटलेल्या त्याच नव्या, उशिरा आलेल्या प्रमाणात श्रवणयंत्रांसाठी सगळ्यांचं मिळून एकच प्रोफाइल आहे. एकाच ठिकाणाहून कितीही जणांच्या कानात आवाज सोडायची सोयही आहे. बालगंधर्वला नाटक चालू आहे आणि मागच्या रांगेतल्या आजींच्या श्रवणयंत्रात रंगमंचावरचा आवाज थेट येतोय, कुठल्याही कंपनीचं यंत्र असो. हे होण्यासाठी आता नवा शोध लावावा लागणार नाही, फक्त बसवावं लागेल. थांबून मिळालेलं हे मला तरी घाईच्या दोन पद्धतींपेक्षा स्वस्त वाटतं.

युरोपात यावर कायद्याने बोट ठेवायला सुरुवात झालीय. मार्च २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने अ‍ॅपलला सांगितलं की जोडणीच्या ज्या सोयी आयफोन स्वतःच्या घड्याळाला आणि इअरफोनला देतो, त्या इतरांच्या उपकरणांनाही मिळाल्या पाहिजेत. अ‍ॅपलला ते मान्य नाही, त्यांचं म्हणणं याने खासगीपणा धोक्यात येतो. भांडण चालेल बरीच वर्षं. आपल्याकडे तोवर गिऱ्हाइकानेच विचारायला हवं, आणि ते दुकानात विचारायचं, घरी आल्यावर नाही.

मी काय करतो ते सांगतो. इअरबड असतील तर खोका उघडून फोनच्या सेटिंगमधूनच जोडायचे, अ‍ॅप न टाकता. गाणं वाजतंय का, फोन घेता येतोय का, बटणं चालतायत का. आरोग्याचं यंत्र असेल तर तोच स्कॅनर उघडायचा आणि क्रमांक बघायचा: रक्तदाब १८१०, साखर १८०८, ताप १८०९. वजनाचा १८१डी. दुकानदार तुमच्याकडे मोबाइल चोरायला आलेल्या माणसासारखा बघतो, पण बघू दे.

गेल्या महिन्यात वजनकाटा घ्यायला गेलो होतो. पहिल्या दोन काट्यांत नुसते लांबलचक खासगी क्रमांक. दुकानदार म्हणाला, "साहेब, अ‍ॅपशिवाय कोण वापरतं हो हल्ली? हे बघा, यात घरातल्या सगळ्यांची खाती काढता येतात." तिसरा त्याने माळ्यावरून काढला, वर धूळ, रंगही जरा जुन्या फ्रिजसारखा. चालू केला, स्कॅनर लावला, १८१डी. तिथेच त्यावर उभा राहिलो आणि आकडा फोनवर आला. आकडा काय होता ते विचारू नका :-) दोनशे रुपये जास्त पडले.